प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सांभाळून कशी घ्यायची: पहिल्या गोळीच्या आधीपासून औषध बंद झाल्यानंतरपर्यंत

मेथोट्रेक्सेटची गोळी आमवातासाठी किंवा सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली म्हणून माणसं दगावली आहेत, आणि ही चूक जगात आजही होते. अशा वेळी निदान बरोबर असतं, औषध बरोबर असतं, गोळीही खरी असते. घोटाळा होतो तो चिठ्ठीवरच्या एका ओळीत. या औषधांचे बरेचसे अपघात असेच कुठेतरी मधल्यामध्ये घडतात: दोन डॉक्टरांच्या मध्ये, दोन ब्रँडच्या मध्ये, नाहीतर दवाखाना आणि घर यांच्या मध्ये. दुष्परिणामांची यादी गोळ्यांच्या पाकिटातल्या कागदावर असतेच. इथे त्या मधल्या जागा कशा सांभाळायच्या, ते क्रमाने पाहू.

इथलं वाचून डोस मात्र स्वतः बदलू नका. तुमचे रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांसमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत.

आधी ओळख: तुमचं औषध कोणत्या गटातलं?

'इम्युनोसप्रेसंट' या एका शब्दाखाली फार वेगवेगळी औषधं येतात, आणि शेजाऱ्याला मिळालेला सल्ला तुम्हाला लागू पडत नाही तो यामुळेच.

प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडं झपाट्याने काम करतात. साखर, रक्तदाब, हाडं, झोप आणि डोळे या सगळ्यांवर त्यांचा दुष्परिणाम होऊ शकतो. ॲझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि सायक्लोफॉस्फमाइड ही पेशींच्या वाढीला लगाम घालणारी औषधं. यांच्याबाबतीत रक्तपेशी जपाव्या लागतात आणि बहुतेकांच्या बाबतीत यकृतही. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन प्रत्यारोपणानंतर सर्रास दिली जातात. त्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो. हाताला कंप सुटणं, रक्तदाब चढणं, पोटॅशियम वाढणं हेही त्यांच्यामुळे होतं, आणि टॅक्रोलिमसमुळे नव्याने मधुमेहही लागू शकतो. चौथा गट बायॉलॉजिक इंजेक्शनांचा: अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब, रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब. टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्या पाचव्या गटात येतात. त्या घेणाऱ्यांना नागीण होण्याचं प्रमाण जास्त असतं.

आपलं औषध कोणत्या गटातलं, ते डॉक्टरांना विचारून लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

पहिली गोळी घेण्याआधी

हा टप्पा घाईत उरकला जातो. आजाराने जीव मेटाकुटीला आलेला असतो आणि औषध आजच सुरू व्हावं असं वाटत असतं. तरी काही तपासण्या आधी झाल्या पाहिजेत, कारण नंतर त्यांचा अर्थ लावणं कठीण जातं.

सगळ्यात महत्त्वाची टीबीची. अनेकांच्या फुप्फुसात टीबीचे जंतू वर्षानुवर्षं निपचित पडलेले असतात. शरीराने त्यांच्याभोवती पेशींचं कुंपण घातलेलं असतं आणि ते कुंपण उभं ठेवण्यात टीएनएफ नावाच्या रेणूचा मोठा हात असतो. अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब नेमका हाच रेणू अडवतात. कुंपण ढासळतं आणि झोपलेला टीबी जागा होतो. म्हणून ही इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) तपासणी करतात. सुप्त टीबी सापडला तर आधी त्यावरचा उपचार सुरू होतो.

दुसरी हिपॅटायटिस बी ची. इथे एक बारकावा आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरचा अँटिजेन (रिपोर्टमध्ये HBsAg) निगेटिव्ह आला म्हणून विषय संपत नाही. 'कोअर अँटिबॉडी' पॉझिटिव्ह असेल, तर विषाणू कधीकाळी येऊन गेला आहे आणि यकृतात दडून बसलेला असू शकतो. रिटुक्सिमॅबसारख्या औषधाने तो उसळून यकृत निकामी झाल्याची उदाहरणं आहेत. रिपोर्टमध्ये या दोन्ही तपासण्या आहेत का, ते स्वतः पाहा.

याशिवाय हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), यकृताच्या तपासण्या आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. कांजिण्या लहानपणी होऊन गेल्या की नाही, हे घरातल्या मोठ्यांना विचारा. कोणालाच आठवत नसेल तर अँटिबॉडी तपासता येतात. ॲझाथायोप्रिन सुरू होणार असेल तर टीपीएमटी किंवा एनयूडीटी१५ तपासणीबद्दल बोला. काहींच्या शरीरात हे औषध विघटित करणारी यंत्रणा जन्मतःच दुबळी असते आणि नेहमीच्या डोसनेही त्यांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. पूर्व आणि दक्षिण आशियाई लोकांत एनयूडीटी१५ मधला दोष जास्त आढळतो, त्यामुळे फक्त टीपीएमटी पाहून निर्धास्त होऊ नये.

गर्भधारणेचा विचार असेल तर तोही आत्ताच सांगायचा. दुखरे दात आणि हिरड्या आधी दाखवून घ्यायच्या. लसींचं पुढे येतंच.

एक कागद, कायम खिशात

मोबाइलमधले फोटो ऐनवेळी सापडत नाहीत आणि बेशुद्ध माणसाचा फोन उघडता येत नाही, म्हणून कागद. त्यावर एवढं असू द्या: आजाराचं नाव, प्रत्येक औषधाचं मूळ नाव आणि ब्रँड, मिलिग्रॅम, वेळ, ॲलर्जी, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर. स्टिरॉइड सुरू असेल तर सर्वांत वर मोठ्या अक्षरात 'स्टिरॉइड सुरू आहे, अचानक बंद करू नये' असं लिहा.

गोळीचा दिवस, गोळीची वेळ

मेथोट्रेक्सेटसाठी आठवड्याचा एक वार ठरवा आणि चिठ्ठीवर, डबीवर, कॅलेंडरवर तो वार पूर्ण अक्षरांत लिहा. 'आठवड्यातून एकदा' एवढ्यावर थांबू नका. 'दर रविवारी' असंच लिहायचं. या गोळ्या २.५ आणि १० मिलिग्रॅमच्या येतात आणि दिसायला सारख्या असू शकतात. १० मिलिग्रॅमचा डोस २.५ च्या चार गोळ्यांनी घेणारा माणूस दुकानातून १० च्या गोळ्या घेऊन आला आणि सवयीने चार खाल्ल्या, तर डोस चौपट होतो. म्हणून घरात एकाच ताकदीच्या गोळ्या असाव्यात. फॉलिक ॲसिड दिलं असेल तर ते बहुधा वेगळ्या वारी घ्यायचं असतं. त्या दोन डब्या शेजारी शेजारी ठेवू नका, कारण दोन्हीकडे बारीक पिवळट गोळ्या असू शकतात. मेथोट्रेक्सेट चुकलं आणि दोन दिवसांच्या आत आठवलं तर घ्या. दोन दिवस उलटून गेले असतील तर तो आठवडा सोडा आणि पुढच्या ठरलेल्या वारीच घ्या. चुकून जास्त गोळ्या गेल्या असतील, तर त्रास होत नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. यावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळाला पाहिजे.

स्टिरॉइडची दिवसातून एकदाची गोळी सकाळी, पोटात काहीतरी गेल्यावर घ्यावी. रात्री घेतली तर झोप उडते.

टॅक्रोलिमसच्या बाबतीत घड्याळच महत्त्वाचं. दिवसातून दोनदाचा डोस असेल तर बारा-बारा तासांनी घ्यायचा, आणि जेवणाच्या आधी किंवा नंतर जसं ठरलं असेल तसंच रोज. एक दिवस उपाशीपोटी, दुसऱ्या दिवशी भरल्या पोटी असं केलं की रक्तातलं प्रमाण वरखाली होतं. या औषधात पुरेसं आणि जास्त यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. कमी पडलं तर शरीर प्रत्यारोपित अवयव नाकारू लागतं, जास्त झालं तर मूत्रपिंड दुखावतं. दिवसातून दोनदा घ्यायच्या आणि एकदाच घ्यायच्या कॅप्सूल वेगळ्या बनावटीच्या असतात. मिलिग्रॅम सारखे असले तरी एक दुसरीच्या जागी चालत नाही. ब्रँडचंही तसंच. नेहमीचा मिळाला नाही म्हणून दुसरा घ्यावा लागत असेल, तर आधी प्रत्यारोपणाच्या टीमला फोन करा. ते ब्रँड बदलू देतीलही, पण काही दिवसांनी लेव्हल, म्हणजे औषधाचं रक्तातलं प्रमाण, तपासून घेतील.

आणखी एक, जे फारसं कोणी सांगत नाही: जुलाब लागले की टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण कमी होण्याऐवजी बहुधा वाढतं. 'बाहेर पडतंय म्हणून जास्त घेऊ' हा हिशेब उलटा बसतो. दोन दिवसांहून जास्त जुलाब राहिले तर लेव्हल करायला सांगतील. उलटी झाली तर डोस पुन्हा घ्यायचा की नाही, हा नियम तुमच्या टीमकडून आधीच लिहून घ्या. मध्यरात्री तर्क लढवण्याची वेळ येऊ नये. आणि कोणतंही औषध चुकलं तरी पुढच्या वेळी दुप्पट घेऊन भरपाई करायची नाही.

मायकोफेनोलेट आणि मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या फोडू नका, कुटू नका. घरात कोणी गरोदर असेल तर तिने तुटलेल्या गोळ्यांना हात लावू नये. बायॉलॉजिक इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं. बर्फाच्या कप्प्यात गोठलेलं इंजेक्शन वितळलं तरी वापरायचं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाता तेव्हा

माझ्या मते सगळ्यात मोठी फट हीच. घसा दुखला म्हणून एका दवाखान्यात, अंगठा सुजला म्हणून दुसऱ्या, बुरशी झाली म्हणून तिसऱ्या. प्रत्येकाने दिलेलं औषध स्वतंत्रपणे योग्यच असतं.

अंगठा गाऊटने (युरिक ॲसिड वाढल्याने) सुजला आणि त्यावरचं ॲलोप्युरिनॉल मिळालं. रुग्ण आधीपासून ॲझाथायोप्रिनवर आहे. ज्या वाटेने ॲझाथायोप्रिनचा निचरा होतो तीच वाट ॲलोप्युरिनॉल बंद करतं, औषध साचतं आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा काम थांबवते. ही जोडी द्यावीच लागली तर ॲझाथायोप्रिनचा डोस साधारण एक चतुर्थांशावर आणतात आणि रक्त वारंवार तपासतात. गाऊटच्याच फेबुक्सोस्टॅटचाही हाच धोका आहे.

लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल किंवा ट्रायमेथोप्रिम मिळालं आणि रुग्ण मेथोट्रेक्सेटवर आहे: ही जोडी टाळायचीच. दोन्ही औषधं फोलेट या जीवनसत्त्वाच्याच वाटेवर घाला घालतात.

टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन आणि सिरोलिमस (प्रत्यारोपणानंतर दिलं जाणारं आणखी एक औषध) यांचं प्रमाण क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, इट्राकोनाझोल, डिल्टियाझेम यांनी वाढतं. कोविडच्या गोळ्यांतलं रिटोनाविर तर ते प्रचंड वाढवतं. उलट रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती ते खाली खेचतात. टीबीच्या उपचारात रिफाम्पिसिन असतंच, त्यामुळे प्रत्यारोपण झालेल्या माणसाला टीबी झाला तर दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलण्याशिवाय गत्यंतर नसतं.

इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं चिठ्ठीशिवाय सहज मिळतात म्हणून ती किरकोळ वाटतात. टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिनबरोबर ती मूत्रपिंडाला महागात पडतात. मायकोफेनोलेट घेताना मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं ॲन्टासिड त्याच वेळी घेतलं तर औषध नीट शोषलं जात नाही.

आणि 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' गोष्टी. एका हाताने प्रतिकारशक्ती दाबायची आणि दुसऱ्या हाताने ती वाढवण्याची चूर्णं घ्यायची, यात अर्थ काय? एकिनेशिया, गुळवेल यांसारखी उत्पादनं या औषधांबरोबर घेऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि आधीच ऑटोइम्यून आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असा) असलेल्यांना तो धोका जास्त आहे. 'नैसर्गिक आहे' म्हणून ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली जाते. ते रागावले तर रागावू देत, पण सांगा.

द्राक्षफळ, म्हणजे ग्रेपफ्रूट, आणि त्याच कुळातला पपनस टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन व सिरोलिमसबरोबर पूर्ण बंद. 'गोळी सकाळी आणि फळ रात्री' अशी पळवाट नाही. फळाचा परिणाम एका दिवसाहून अधिक टिकतो.

रक्ततपासणी: फक्त 'नॉर्मल' पाहून थांबू नका

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा ॲझाथायोप्रिन सुरू केल्यावर साधारण ठेवण अशी असते: डोस स्थिर होऊन सहा आठवडे होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग तीन महिने दरमहा, त्यानंतर दर बारा आठवड्यांनी. डोस वाढवला की चक्र पुन्हा पहिल्यापासून. तब्येत उत्तम आहे म्हणून तपासणी टाळण्याचा मोह होतो, पण पांढऱ्या पेशी कमी होताना काहीही जाणवत नाही.

डॉक्टरांना लगेच कळवावं अशा काही रेषा आहेत: पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, त्यांतल्या न्यूट्रोफिल १,६०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली, यकृताच्या तपासणीतलं एएलटी १०० च्या वर, किंवा वर्षभरात क्रिएटिनिनमध्ये ३० टक्क्यांहून अधिक वाढ. शेवटची रेषा नीट पाहा. ०.७ वरून १.० वर गेलेलं क्रिएटिनिन प्रयोगशाळेच्या कागदावर 'नॉर्मल'च छापलं जातं, पण तुमच्यासाठी ते नॉर्मल नाही. म्हणून एका वहीत तारीखवार आकडे उतरवा.

टॅक्रोलिमसच्या लेव्हलसाठी रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं असतं. गोळी घेऊन गेलात तर येणारा आकडा फसवा असतो आणि त्यावरून डोस चुकीचा कमी होऊ शकतो. गोळी बरोबर न्या, रक्त दिल्यावर घ्या. सवयीने घरीच घेतली गेली तर तसं स्पष्ट सांगा.

ताप आला तर

घरात थर्मामीटर असलाच पाहिजे, 'अंग गरम लागतंय' पुरेसं नाही. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून जास्त ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. थंडी वाजून कापरं भरलं, धाप लागली, भान हरपू लागलं तर थेट तातडीच्या विभागात जा. पॅरासिटामॉल घेण्याआधी ताप मोजून लिहून ठेवा, नाहीतर दवाखान्यात पोहोचेपर्यंत पुरावा पुसलेला असतो.

पण ही औषधं तापालाच झाकतात. स्टिरॉइडवरच्या माणसाच्या पोटात गंभीर संसर्ग असूनही ताप नाममात्र असू शकतो. टोसिलिझुमॅबवर तर सीआरपी हा रक्तातला सूज-निर्देशक संसर्गातही खालीच राहतो. त्यामुळे ताप नसतानाही नव्याने गळून जाणं, न थांबणारा खोकला, लघवीला जळजळ, अंगावर एका पट्ट्यात उठलेले दुखरे फोड, तोंडात पांढरे थर, सहज उमटणारे काळेनिळे डाग यांकडे दुर्लक्ष करू नका. मेथोट्रेक्सेटवर असताना कोरडा खोकला आणि धाप सुरू झाली, तर ती औषधाचीच फुप्फुसावरची सूज असू शकते. पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

आजारपणात कोणतं औषध थांबवायचं? इथे उत्तरं अगदी उलटसुलट आहेत. मेथोट्रेक्सेट आणि बायॉलॉजिक इंजेक्शन संसर्ग जाईपर्यंत सहसा पुढे ढकलतात. प्रत्यारोपणाची औषधं टीमने सांगितल्याशिवाय एक दिवसही थांबवायची नाहीत. आणि तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टिरॉइड घेत असाल तर ते थांबवणं जिवावर बेतू शकतं. शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क (ॲड्रीनल) ग्रंथींनी स्वतःचं काम सोडून दिलेलं असतं, आणि नेमक्या आजारपणात शरीराला स्टिरॉइड जास्त लागतं. म्हणूनच तापात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर डोस वाढवतात. गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. 'आजारी पडलो तर काय करायचं' ही योजना निरोगी असतानाच डॉक्टरांकडून लिहून घ्या.

लसी

नियम सोपा आहे: जिवंत जंतूंच्या लसी नकोत, निष्क्रिय लसी हव्यात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर, बीसीजी, तोंडावाटे दिला जाणारा पोलिओचा डोस, नाकात फवारायची फ्लूची लस या जिवंत लसी. फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकस (न्यूमोनियाचा एक जंतू), हिपॅटायटिस बी, कोविड आणि नागिणीची रिकॉम्बिनंट लस चालतात. जिवंत लस घ्यायचीच असेल तर औषध सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी, निष्क्रिय लस शक्यतो दोन आठवडे आधी. रिटुक्सिमॅब अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींवरच काम करतं, त्यामुळे त्यानंतर काही महिने लसीचा फारसा उपयोग होत नाही. आधी घेतलेलं बरं.

घरच्यांनीही लसी पूर्ण कराव्यात. फक्त घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब देण्याआधी इंजेक्शनच्या लसीबद्दल विचारा. कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला आणि तुम्हाला त्या कधी झाल्या नसतील, तर फोड उठण्याची वाट न पाहता लगेच फोन करा. प्रतिबंधक उपचार असतो, पण त्याची मुदत थोड्या दिवसांची असते.

घर, अन्न, माती

कच्चं दूध, कच्चं अंडं, अर्धवट शिजलेलं मांस, न शिजवलेली मोड आलेली कडधान्यं टाळा. हात धुवा. मांजराची घाण दुसऱ्या कोणाला तरी काढू द्या. कबुतरांची विष्ठा साचलेली जागा आणि पाडकामाची धूळ टाळा, त्यात फुप्फुसात शिरणाऱ्या बुरशी असतात. बागकाम करायचं तर हातमोजे आणि मास्क. गंमत म्हणजे सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून, टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून आणि सिरोलिमस ईस्टर बेटाच्या मातीतून मिळालं. आणि ही औषधं घेणाऱ्यांनीच मातीत उघड्या हातांनी शिरायचं नाही!

उन्हाकडे लक्ष द्या. प्रत्यारोपण झालेल्यांत त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण बरंच वाढतं, ॲझाथायोप्रिन आणि सायक्लोस्पोरिननेही वाढतं. पूर्ण बाह्या, टोपी, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन. न भरणारी जखम किंवा बदलणारा तीळ दाखवा. स्त्रियांनी गर्भाशयमुखाची तपासणी चुकवू नये.

सगळ्या जगापासून दूर कोंडून घेण्याची मात्र गरज नसते. प्रत्यारोपणानंतरचे पहिले महिने आणि मोठ्या डोसचे दिवस सोडले, तर बहुतेक जण कामावर जातात, प्रवास करतात.

मूल हवं असेल तर

मायकोफेनोलेट, मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड आणि सायक्लोफॉस्फमाइड गर्भाला घातक आहेत. मायकोफेनोलेट घेणाऱ्या स्त्रीने औषध बंद केल्यावरही सहा आठवडे गर्भनिरोधन चालू ठेवायचं असतं. घेणारा पुरुष असेल तर ९० दिवस. ॲझाथायोप्रिन, टॅक्रोलिमस आणि कमी डोसचं प्रेडनिसोलोन गरोदरपणात देखरेखीखाली चालू ठेवता येतं. म्हणजे मार्ग असतो, पण औषधबदलाला काही महिने लागतात. दिवस गेल्यानंतर कळलं तर घाबरून सगळ्याच गोळ्या टाकून देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शेवटच्या महिन्यांत बायॉलॉजिक घेतलं असेल, तर बाळाला बीसीजी किंवा रोटाव्हायरसची लस देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना सांगा.

बंद करताना आणि त्यानंतर

स्टिरॉइड पायरीपायरीने उतरवतात. शेवटच्या पायऱ्या सर्वांत सावकाश असतात आणि अंगदुखी, थकवा तिथेच जास्त जाणवतो. चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणं असं झालं तर कळवा.

शेवटची गोळी घेतली म्हणून औषध शरीरातून गेलं असं नाही. रिटुक्सिमॅबचा परिणाम सहा ते बारा महिने राहतो. लेफ्लुनोमाइड दोन वर्षांपर्यंत शरीरात रेंगाळू शकतं. ते लवकर काढायचं असेल तर कोलेस्टिरामिनची पूड देऊन धुऊन काढतात. अधिवृक्क ग्रंथींना पूर्ववत व्हायला वर्षभर लागू शकतं. त्या काळात शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना सांगायचं, आणि खिशातला कागद तोवर खिशातच ठेवायचा, फक्त औषध बंद केल्याची तारीख त्यावर लिहून.

उरलेल्या गोळ्या त्याच आजाराच्या दुसऱ्या माणसाला देऊ नका. त्याच्या टीबीची, यकृताची, टीपीएमटीची तपासणी झालेली नसते. त्या औषधविक्रेत्याकडे परत द्या.